आजचे मनन : दार उघडं ठेवून वाचणारी बाई – पंडिता रमाबाई

आजचे वाचन : याकोबाचे पत्र, अध्याय २, वचने १४ ते २६
सोबत वाचा : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ४, वचने १ ते ४२



आज ५ एप्रिल. १९२२ साली याच दिवशी केडगावला पंडिता रमाबाई प्रभूकडे गेल्या. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल चार ओळी वाचल्या आहेत : विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती मिशन. परीक्षा झाली की तेवढंही विसरायला होतं. पण याकोबाच्या पत्रातला आजचा भाग वाचताना मला राहून राहून त्यांचीच आठवण येत होती.

याकोब एक साधी अडचण समोर ठेवतो. एखाद्या भावाकडे किंवा बहिणीकडे अंगभर कपडा नाही, घरात आजचं अन्न नाही. आपण त्याला गोड बोलून, आशीर्वाद देऊन वाटेला लावलं, तर त्या विश्वासाचा उपयोग काय? आपल्यापैकी बरेच जण सकाळच्या लोकलमध्ये मोबाईलवर बायबल वाचतात. बोरिवलीला जागा मिळाली तर अंधेरी येईपर्यंत एक अध्याय होतो. मुलुंडहून निघालं तर घाटकोपरपर्यंत एखादं स्तोत्र होतं. अॅप सांगतं, सलग इतके दिवस झाले, शाब्बास. छान आहे, सोडू नका. पण अॅप बंद झाल्यावर काय? वाचलेलं प्लॅटफॉर्मवर उतरतं का आपल्यासोबत?

रमाबाईंचं सगळं आयुष्य म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बसा.

पाठ होतं, पोट रिकामं होतं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बाईने संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. गावातले लोक खवळले, पण ते मागे हटले नाहीत. पुढे आईने लेकीला शिकवलं. दिवसभर घरकाम, आल्यागेल्याचं बघणं, म्हणून ही शिकवणी पहाटे, उजाडायच्या आधी. छोट्या रमाला झोपेतून उठवून मांडीवर घेऊन आई श्लोक म्हणून घ्यायची. वाचनाची सवय रमाबाईंना लागली ती अशी, आईच्या कुशीत.

घरातला पैसा पाहुणचारात आणि धर्मकार्यात संपला. मग हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, देवळात पुराण वाचत जगू लागलं. लोक यायचे, ऐकायचे, काहीतरी ठेवून जायचे. नंतर स्वतःच्या साक्षीत रमाबाईंनी या दिवसांबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती संस्कृत भाषा कळायची. कानावर पडलं की पुण्य लागतं, एवढ्यावरच सगळं भागायचं.

आता हे वाचून कुणी, ते त्यांच्या धर्मात होतं, आपल्यात नाही, असं म्हणू नका. रविवारी उपासनेत तिसरं वाचन चाललेलं असताना आपलं डोकं जेवणाच्या मेनूवर असतं की नाही? कानावर पडलं आणि झालं, ही वृत्ती सगळ्या धर्मांत असते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसा संपला, भांडी विकून झाली, झाडपाला खायची वेळ आली. आधी वडील गेले. काही आठवड्यांत आई गेली. आईच्या तिरडीला पुरेशी माणसं मिळेनात, म्हणून रमाने स्वतः खांदा दिला. मग मोठी बहीणही गेली. उरले दोघं, रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं देशभर हजारो मैल चालले, बहुतेक वेळा अनवाणी. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी इतकी की पांघरायला काही नाही म्हणून दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे केले, त्यात झोपले आणि डोकं सोडून अंगावर वाळू ओढून घेतली.

वाळूतल्या खड्ड्यात झोपलेली ही मुलगी लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

तिला न आवडलेलं बायबल

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वर्तमानपत्रांत नाव झळकलं. त्याच कलकत्त्यात ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यात तिला कुणीतरी संस्कृत बायबल भेट दिलं. रमाबाईंनी ते उघडून पाहिलं. भाषा संस्कृतच, पण त्यांच्या ओळखीच्या संस्कृतपेक्षा इतकी वेगळी की वाचण्यात वेळ घालवणं त्यांना फुकट वाटलं. पुस्तक बाजूला पडलं.

मला ही गोष्ट फार आवडते. पुढे ज्या बाईने अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, तिची बायबलशी पहिली भेट अशी झाली. तुमच्यापैकी कुणाला लेवीय किंवा गणना वाचताना जांभई येत असेल, तर घाबरू नका. देवाला घाई नसते.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोघांची जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. नोंदणी विवाह. संसार आसामात सिल्चरला. तिथे घरातल्याच पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका सापडली : लूककृत शुभवर्तमान, बंगालीत. या वेळी त्या वाचत राहिल्या. एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन समजावून सांगायचे. नवऱ्याला हे फारसं रुचलं नाही. पण तो विषय पुढे जाण्याआधीच, लग्नाला अवघे एकोणीस महिने झाले असताना, पटकीने बिपिनबाबू गेले. पदरात लहानगी मनोरमा. वय चोवीसच्या आत, आणि कपाळी वैधव्य.

१८८२ साली त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज सुरू केला, 'स्त्री धर्म नीति' हे पुस्तक लिहिलं, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद झालं.

विहिरीकाठची बाई

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज इथल्या सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहिल्या. तिथून त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं गेलं. तिथे भगिनींचं एक आश्रयगृह होतं. ज्यांना समाज 'बिघडलेल्या' म्हणतो अशा बायका तिथे राहत होत्या, काम करत होत्या, बऱ्या होत होत्या, आणि त्यातल्या काही आता स्वतः दुसऱ्या बायकांची सेवा करत होत्या.

रमाबाई चक्रावल्या. असल्या बाईला कुणी जवळ घेतं, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओळखीच्या जगात अशा बाईला गावाबाहेरची वाट होती. त्यांनी एका भगिनीला विचारलं, तुम्ही हे का करता? त्या भगिनीने लांबलचक प्रवचन दिलं नाही. तिने योहानाचा चौथा अध्याय उघडला आणि विहिरीकाठच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

आजच्या वाचनात योहान ४ का दिलाय, ते आता कळलं असेल. भर दुपारी एकटीच पाण्याला येणारी ती बाई. पाच नवरे झालेली. तिच्याशी बोलायलाही लोक कचरायचे. आणि येशू तिच्याकडेच पाणी मागतो. तिच्याशी देवाच्या आराधनेबद्दल बोलतो, जणू ती कुणी पंडिता आहे.

इथे क्रम बघा. रमाबाईंनी आधी काम पाहिलं, मग वचन ऐकलं. आश्रयगृहात काम दिसलं नसतं तर तो अध्याय त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट ठरली असती. आणि अध्याय ऐकला नसता तर ते काम नुसती चांगुलपणाची संस्था वाटलं असतं. दोन्ही एकाच दिवशी समोर आलं आणि एकाला दुसऱ्याचा अर्थ लागला. याकोबाला बहुधा हेच सांगायचंय.

पुढे पुण्याच्या फादर नहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाने त्यांच्या बऱ्याच शंका फिटल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण म्हणून त्यांनी मान तुकवून सगळं ऐकलं असं नाही. सिद्धांतांबद्दल त्या भगिनींशी पत्रांतून भांडभांड भांडल्या. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पुस्तकात बघायचं, हा त्यांचा बाणा शेवटपर्यंत टिकला.

मुंबईतलं शारदा सदन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच जवळजवळ तीन वर्षं फिरल्या, बोलल्या, लिहिलं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक खूप खपलं. बॉस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि तिने बालविधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं ठरवलं. अट एकच : शाळेत धर्मशिक्षण नाही.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. आज गावदेवीत 'पंडिता रमाबाई मार्ग' आहे. ग्रँट रोडला उतरून कधी तिकडून जाणं झालं, तर पाटी वाचून पुढे जाऊ नका, एक मिनिट थांबा. या शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. केस काढलेली, घरात कोपऱ्यात बसायची सवय लागलेली तरुण मुलगी. तीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली, जिला आपण बाया कर्वे म्हणून ओळखतो.

पुढच्याच वर्षी खर्चाच्या दृष्टीने सदन पुण्याला गेलं.

आता एक गोष्ट नीट ऐका. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं की त्यांना ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त मात्र जवळजवळ आठ वर्षांनी. मधली आठ वर्षं त्या चर्चला जात होत्या, बायबल वाचत होत्या, विधवांसाठी झटत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कमी दिसलं नसतं. आत मात्र ओढाताण होती. १८९१ च्या सुमारास वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की आपण धर्म कमवायचा प्रयत्न करतोय आणि देव तर फुकट द्यायला बसलाय. तेव्हा कुठे मन शांत झालं.

हे मी मुद्दाम लिहितेय. 'चांगली कामं करा' एवढंच सांगून पोस्ट संपवली तर आपण पुन्हा पुण्याच्या हिशेबात अडकू. काम हे झाडाचं फळ. मूळ दुसरीकडे असतं.

ते उघडं दार

पुण्यातल्या सदनात रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसोबत बायबल वाचायच्या आणि प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. कुणाला बोलावलं नाही, कुणाला जबरदस्ती नाही. पण मुली येऊ लागल्या. आधी उंबऱ्याशी, मग आत. ज्या बाईने आपल्याला पहिल्यांदा आईसारखं वागवलं, ती सकाळी काय वाचते, हे त्यांना बघायचं होतं.

बातमी बाहेर गेली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक सदनाच्या सल्लागार मंडळात होते. १८९३ मध्ये त्यांनी राजीनामे दिले. पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या.

इथे आपण पटकन रमाबाईंची बाजू घेऊन मोकळे होतो. जरा थांबूया. पालकांची भीती खोटी होती का? त्यांनी मुली धर्मशिक्षण नाही या भरवशावर पाठवल्या होत्या. रानडे काही सुधारणेचे शत्रू नव्हते. उलट सुधारणेचं काम बंद पडू नये, लोकांचा विश्वास उडू नये, ही त्यांची काळजी होती. दुसरीकडे रमाबाईंचं म्हणणं असं की हिंदू मुलींना त्यांच्या पूजेअर्चेची मोकळीक आहे, मग मलाही माझ्या खोलीत माझ्या देवाला हाक मारायची मोकळीक हवी, आणि त्यासाठी मी दार लावून घेणार नाही.

मला वाटतं, दोन्हीकडे खरं काहीतरी होतं. आणि हा प्रश्न १८९३ मध्ये संपलेला नाही. अंधेरीच्या ऑफिसात जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायची की नाही? पीजीमध्ये रूममेट वेगळ्या धर्माची असताना बायबल टेबलावर ठेवायचं की उशीखाली? रमाबाईंकडून मी एवढंच शिकते : दार उघडं ठेवावं, पण कुणाला हाताला धरून आत ओढू नये. लपवणं हा खोटेपणा आणि ओढणं ही जबरदस्ती. मधली वाट अरुंद आहे, आणि तिच्यावर चालणाऱ्याला दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागतात. त्यांनी ती खाल्ली. मुली गेल्या, मित्र गेले, पण सकाळचं वाचन चालू राहिलं आणि दारही उघडंच राहिलं.

दुष्काळ पुन्हा आला

१८९६-९७ ला मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या आल्या तेव्हा रमाबाई पुण्यात होत्या. झेलमच्या वाळूतली ती मुलगी आत जागी झाली. त्यांना भूक पुस्तकातून कळली नव्हती. झाडपाला खाऊन बघितला होता. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि रस्त्याकडेच्या, छावण्यांमधल्या मुली आणि बायका घेऊन आल्या. या मुलींवर भुकेइतकंच दुसरंही संकट होतं. एकट्या मुलींना फूस लावून विकणारे लोक दुष्काळात गिधाडांसारखे फिरत होते. आणलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली.

शारदा सदनात इतकी जागा नव्हती. त्यात पुण्यात प्लेगची साथ, आणि सरकारचे निर्बंध. मग पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि छपरं उभी राहिली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या.

दोन हजार म्हणजे किती, ते नजरेसमोर आणा. गच्च लोकलचे काही डबे फलाटावर रिकामे होतात, तेवढी माणसं. त्या सगळ्यांना रोज दोन वेळचं जेवण, कपडा, औषध, वर शाळा. आलेल्या मुली हाडांचे सापळे, केसांत उवा, अंगावर फोड, काही बोलतच नव्हत्या. आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांना न्हाऊमाखू घालायच्या. शेती, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना, सगळं मुलीच चालवायच्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. म्हाताऱ्यांची सोय झाली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली गेली. फुलहॅममध्ये जे पाहिलं होतं, ते केडगावच्या माळावर उभं राहिलं.

एक अवघड प्रश्न इथेही आहे, तो टाळायला नको. यातल्या अनेक जणी पुढे ख्रिस्ती झाल्या. लोक तेव्हाही विचारायचे आणि आजही विचारतात : भुकेल्या मुलीने देव बदलला तर तो तिचा निर्णय की भाकरीचा? हा प्रश्न कुणी आपल्याला विचारला तर रागावू नका. तो स्वतःलाच विचारा. याकोबाच्या उदाहरणात कपडा आणि अन्न देताना कुठलीही अट नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकच. उरलेल्या नऊ जणांचा आजार काही त्याने परत आणला नाही. आपली मदत अशीच असायला हवी : न परतणाऱ्या नऊ जणांनाही पुरेल अशी.

शेवटचं काम

आयुष्याची शेवटची जवळजवळ अठरा वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली. बायबलचं मराठी भाषांतर. मराठी बायबल तेव्हाही होतं, पण त्यांच्या मुक्तीतल्या खेडवळ बायकांना ते जड जायचं. मग या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मूळ भाषांतून साध्या, बोलीच्या जवळच्या मराठीत भाषांतर सुरू केलं.

मागे वळून बघा. कलकत्त्यात जड भाषेतलं बायबल बाजूला टाकणारी तरुणी. देवळात न कळणारं पुराण ऐकणारी माणसं. आणि आता तीच बाई, अख्खं संस्कृत जिभेवर असताना, ते बाजूला ठेवून दळणकांडण करणाऱ्या बाईचा शब्द शोधते आहे. विद्वत्तेचा मान मिरवायचा सोडून तिने तो खाली उतरवून ठेवला. मला तर हे केडगावच्या अन्नछत्राइतकंच मोठं सत्कर्म वाटतं. पोटाला अन्न दिलं तसं डोक्यालाही दिलं.

टाइप जुळवायच्या, छापायच्या, बांधणी करायच्या त्या मुक्तीतल्याच बायका. कधीकाळी रस्त्यावरून उचलून आणलेल्या मुलींच्या हातांनी उत्पत्ती ते प्रकटीकरण जुळवलं गेलं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली, वयाच्या चाळिशीत. वाँटेजला आईसोबत बाप्तिस्मा घेतलेली, पुण्याच्या खोलीत रोज सकाळी शेजारी बसणारी, नंतर सगळ्या कामात उजवा हात झालेली एकुलती एक लेक. रमाबाईंची स्वतःची तब्येतही ढासळली होती. तरी प्रुफं तपासणं थांबलं नाही. असं सांगतात की काम पुरं होईपर्यंत दिवस दे, एवढीच त्यांची प्रार्थना होती. शेवटची तपासणी संपली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या झोपेतच गेल्या. पुरं बायबल छापून आलं ते त्यांच्या मागून, १९२४ मध्ये.

मग आपण काय करायचं?

दोन हजार जणींना सांभाळणं आपल्या वन बीएचकेत बसणारं नाही, मान्य. पण रमाबाईंचीही सुरुवात एका खोलीपासून आणि एका विद्यार्थिनीपासून झाली होती. या आठवड्यासाठी तीन गोष्टी सुचवते. एक जरी जमली तरी खूप.

१. समजून वाचा, कमी वाचा. रोज चार अध्याय उरकण्यापेक्षा दहा वचनं वाचा आणि स्वतःच्या रोजच्या बोलीत कुणाला तरी सांगून बघा. सांगता आलं नाही तर समजलं नाही, पुन्हा वाचा. घरात आजीला दिसत नसेल तर तिला मोठ्याने वाचून दाखवा.

२. वाचनातून एक माणूस उचला. आजच्या वाचनात कुणाचा चेहरा आठवला? वॉचमनकाका, ज्यांच्या मुलीला दहावीचं गणित जमत नाही? घरी काम करणाऱ्या मावशी, ज्यांना बँकेचा फॉर्म भरता येत नाही? तिसऱ्या मजल्यावरचे एकटे राहणारे अंकल? एकच नाव घ्या आणि शनिवारच्या आत त्यांच्यासाठी एक काम करा. अट नको, फोटो नको, स्टेटस नको.

३. दार उघडं ठेवा. तुम्ही विश्वासू आहात हे लपवू नका, आणि त्याची जाहिरातही करू नका. कुणी विचारलं, हे का करतेस, तर उत्तर तयार असू द्या. त्या भगिनीकडे योहान ४ होता. तुमच्याकडे कोणता अध्याय आहे?

प्रार्थना

प्रेमळ पित्या, तुझं वचन आमच्या हातात आहे, आमच्या भाषेत आहे, यासाठी तुझे आभार मानतो. ते आमच्यापर्यंत पोचावं म्हणून ज्यांनी डोळे आणि आयुष्य झिजवलं, त्यांच्यासाठी तुझी स्तुती करतो. आम्ही वाचतो ते आमच्या हातापायांत उतरू दे. भुकेलेल्याला देताना आमच्या मनात हिशेब नसू दे. ज्या आठ वर्षांत रमाबाई तुला शोधत होत्या तशा काळात आज कुणी असेल, तर त्याला धीर दे, आणि तू त्याच्याही आधी त्याला शोधत आहेस हे त्याला कळू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचे वाचन : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १७, वचने ११ ते १९. ते दहा कुष्ठरोगी. आज त्यांचा उल्लेख आलाच आहे, उद्या त्यांच्याजवळ थोडं बसूया.

देव तुम्हाला आशीर्वादित करो.